अंगठ्याचा हिशेब मांडणारे काझी अझिझुल हक

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. आजवर आपण संतांची, समाजसुधारकांची, देशभक्तांची आणि विदुषींची चरित्रे वाचली. यंदा मी एका पोलीस अधिकाऱ्याचे चरित्र सांगणार आहे, हे ऐकून पुष्कळ भगिनींना नवल वाटेल. म्हणून या निवडीचे कारण आधी सांगते.

काही महिन्यांपूर्वी मी रेशनच्या दुकानात रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक आजीबाई होत्या. सारा जन्म कापूस वेचण्यात आणि निंदणी-खुरपणीत गेलेला. त्यांनी यंत्रावर अंगठा टेकवला, पण यंत्र त्यांना ओळखेना. पदराला पुसून पुन्हा टेकवला, तरी तेच. आपण आपण नाही की काय, असे त्या हसत हसत म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. शेवटी दुसऱ्या हाताचे एक बोट चालले आणि त्यांना धान्य मिळाले. घरी येताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता. माणसाची ओळख त्याच्या बोटावर लिहिलेली आहे, हे प्रथम कोणी ताडले? आणि लाखो माणसांच्या ठशांतून नेमका एक ठसा हुडकून काढण्याची युक्ती कोणाची?

शोध घेता घेता जे नाव हाती आले, ते काझी अझिझुल हक यांचे. ते आपल्या मराठवाड्यातले नव्हेत, बंगालमधले. ठशांच्या शास्त्रात त्यांचे नाव आज जगभर आदराने घेतले जाते. परंतु ज्या देशात हे शास्त्र उभे राहिले, तेथे घरोघरी ते माहीत नाही. त्यांनी केलेले काम अनेक वर्षे दुसऱ्याच्या नावावर जमा होते. घरात आणि समाजात राबणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना ही गोष्ट काही परकी वाटू नये.

निरक्षर माणसाला आपण अंगठेबहाद्दर म्हणून हिणवतो. पण लिहिता न येणाऱ्याने कागदावर काय खूण करावी, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडच्या जुन्या कागदांवर कुणबी आपली निशाणी म्हणून नांगराचे चित्र काढी. बायकांची निशाणी बांगडी. खूण सुंदर खरी, पण नांगर काय आणि बांगडी काय, कोणीही काढावी! सावकाराने खोटा कागद केला आणि कुणब्याने तो नाकारला, तर खरे कोणाचे, हे कसे ठरवायचे? आपला जालना भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दरबारी भाषा उर्दू. आपल्या आजे-पणज्यांनी वाचताही न येणाऱ्या कागदांवर निशाण्या केल्या, त्या केवळ भरवशावर.

बंगालमध्येही तोच प्रकार होता. 1858 साली मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. युरेनस ग्रह शोधून काढणाऱ्या हर्शेलचा तो नातू. रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार त्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी केला. पुढे याने सही नाकारू नये, म्हणून त्याने त्याच्या तळहाताला शाई लावून हाताचा ठसा कागदाच्या पाठीवर उमटवून घेतला. हेतू केवळ धाक दाखवण्याचा होता. पण हर्शेलला त्या रेषांचे वेड लागले. वर्षानुवर्षे तो ठसे जमवत राहिला आणि काळ लोटला तरी रेषा बदलत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. 1877 साली हुगळी येथे त्याने पेन्शनवाल्यांचे, कैद्यांचे व दस्तऐवज नोंदवणाऱ्यांचे ठसे घेण्यास सुरुवात केली. मेलेल्या पेन्शनवाल्याच्या नावाने दुसऱ्यानेच पैसे उचलावेत, हा प्रकार त्या काळी सर्रास चाले. त्याला आळा घालण्याचा हा प्रयत्न होता. तथापि हर्शेल विलायतेस परतला आणि ती गोष्ट तेथेच थांबली.

त्यानंतर जपानमध्ये काम करणारे स्कॉटिश डॉक्टर हेन्री फॉल्ड्स यांनी 1880 साली लिहून ठेवले की, गुन्हेगार शोधण्यास बोटांच्या ठशांचा उपयोग होईल. 1892 साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने ठशांवर ग्रंथच लिहिला आणि दोन माणसांचे ठसे सारखे असण्याचा संभव जवळजवळ नाही, हे गणिताने मांडले. बाळ आईच्या पोटात असतानाच, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून, या रेषा उमटू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत त्यांची नक्षी कायम होते. मग बाळाचे बोट मोठे होते, पण नक्षी तीच राहते. जुळ्या बहिणी कितीही सारख्या दिसोत, त्यांचे ठसे निराळेच असतात. पोळी करताना बोट भाजले तरी वरची कातडी जाऊन नवी आली की पुन्हा त्याच रेषा उमटतात.

एवढे सारे कळले, तरी मुख्य अडचण तशीच होती. समजा, पोलिसांकडे दहा हजार माणसांचे ठसे आहेत आणि आज एक चोर सापडला. तो स्वतःचे खोटे नाव सांगतो. हा पूर्वी शिक्षा भोगलेला माणूस आहे की नाही, हे पाहायला दहा हजार कागद एकेक करून तपासायचे का? मसाल्याच्या डब्यात जिन्नस वेगवेगळ्या वाट्यांत असतात म्हणून मोहरी चटकन हाती लागते. सगळे एकत्र ओतले तर काय होईल? ठशांना अशा वाट्या पाडणे कोणालाच साधले नव्हते. गाल्टनलाही नाही. ते ज्याने साधले, त्याची आता हकीकत ऐका.

काझी अझिझुल हक यांचा जन्म 1872 साली खुलना जिल्ह्यातील पायग्राम कसबा या गावी झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. अझिझुल लहान असतानाच त्यांचे आईवडील नावेच्या अपघातात दगावले आणि मुलांचा भार थोरल्या भावावर पडला. घरची स्थिती बेताची. त्यांच्या घराण्यात एक आठवण सांगितली जाते. अझिझुलची भूक मोठी होती, आणि ओढग्रस्तीच्या घरात वाढत्या मुलाची भूक हाही अपराध ठरतो. एके दिवशी ठरल्या वाट्याहून जास्त खाल्ले म्हणून थोरल्या भावाने त्यांना मारले. बारा वर्षांचा तो पोर तडक घराबाहेर पडला आणि कलकत्त्याला जाऊन पोहोचला.

त्या अफाट शहरात त्याचे ओळखीचे असे कोणी नव्हते. पण दैवाची दोरी बळकट म्हणा, एका कुटुंबाने त्याला आसरा दिला. मुलाला गणिताची विलक्षण ओढ आहे, हे त्या मंडळींच्या ध्यानात आले आणि त्यांनी त्याला शाळेत घातले. पुढे तो कलकत्त्याच्या प्रख्यात प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित व विज्ञान शिकू लागला. त्या घराने त्याला दोन वेळचे जेवण आणि शाळेची वाट दिली नसती, तर जगाला हे शास्त्र या मार्गाने मिळाले नसते. परक्याच्या पोराला पंक्तीला बसवण्याचे पुण्य किती दूरवर पोहोचते, ते पाहा.

त्या सुमारास एडवर्ड हेन्री हे बंगालच्या पोलीस खात्याचे इन्स्पेक्टर जनरल होते. आजचे बिहार व ओरिसाही तेव्हा बंगाल प्रांतातच मोडत. गुन्हेगार ओळखण्यासाठी त्यांनी फ्रान्समधील बर्तियाँची पद्धत चालू केली होती. या पद्धतीत माणसाच्या डोक्याची लांबी-रुंदी, कोपरापासून हाताची लांबी, पाऊल, मधले बोट अशी निरनिराळी मापे घ्यावी लागत. पण एकाने घेतलेले माप दुसऱ्याच्या मापाशी जुळत नसे. उपकरणे महाग, शिकवलेला माणूस हवा, आणि वेळ फार लागे. मूल वाढते तशी त्याची मापेही बदलतात. बायकांची अशी मापे घेणे तर त्या पडद्याच्या काळात अवघडच होते. आकडेमोडीत तरबेज असा एखादा विद्यार्थी द्यावा, म्हणून हेन्री यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे मागणी केली. प्राचार्यांनी अझिझुल हक यांचे नाव सुचवले. अशा रीतीने 1892 च्या सुमारास हा गणिताचा विद्यार्थी पोलिसात फौजदार म्हणून दाखल झाला.

प्रारंभी हक यांचे काम मापांच्या कार्यालयातच होते. पण लवकरच त्यांचे मन ठशांकडे वळले. हेन्री यांचा गाल्टनशी पत्रव्यवहार होता. 1894 साली रजेवर विलायतेस गेले असता ते गाल्टनची प्रयोगशाळाही पाहून आले. 1896 च्या आरंभी त्यांनी हुकूम काढला की, मापांबरोबर कैद्यांच्या बोटांचे ठसेही घेत जावेत. ठशांच्या कागदांचा ढीग वाढू लागला. तो लावायचा कसा, हा प्रश्न हक यांच्यापुढे आला. गाल्टनची रीत त्यांनी वापरून पाहिली, पण मोठ्या संग्रहाला ती पुरी पडेना. तेव्हा त्यांनी स्वतःचे गणित मांडले.

ते गणित आपल्यालाही समजण्याजोगे आहे. बाळाच्या बोटांवर चक्रे किती आणि शंख किती, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायका कौतुकाने पाहतात. ज्याच्या बोटांवर चक्रे जास्त तो भाग्यवान, असे म्हणतात. हक यांनी नेमका हाच प्रश्न विचारला, भाग्यासाठी नव्हे तर हिशेबासाठी. कोणत्या बोटावर चक्र आहे आणि कोणत्यावर नाही?

त्यांनी दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. उजवा अंगठा व त्याशेजारची तर्जनी ही पहिली जोडी. तिच्यातील बोटावर चक्र असेल तर 16 गुण. उजवे मधले बोट व अनामिका ही दुसरी जोडी, तिला 8 गुण. उजवी करंगळी व डावा अंगठा ही तिसरी जोडी, तिला 4. डावी तर्जनी व मधले बोट, 2. डावी अनामिका व करंगळी, 1. चक्र नसेल तर गुण शून्य. मग प्रत्येक जोडीतील दुसऱ्या बोटाचे गुण एकत्र करून वर मांडायचे आणि पहिल्या बोटाचे गुण खाली. दोन्हीकडे एकेक मिळवायचा, की अपूर्णांकासारखी एक संख्या तयार होते.

उदाहरण घेऊ. एखाद्या बाईच्या उजव्या अंगठ्यावर, उजव्या अनामिकेवर आणि डाव्या अंगठ्यावर चक्र आहे, बाकी कोठे नाही. उजवी अनामिका दुसऱ्या जोडीतील दुसरे बोट, तिचे 8. डावा अंगठा तिसऱ्या जोडीतील दुसरे बोट, त्याचे 4. मिळून 12, अधिक 1, म्हणजे वर 13. उजवा अंगठा पहिल्या जोडीतील पहिले बोट, त्याचे 16, अधिक 1, म्हणजे खाली 17. झाले! त्या बाईचा कागद तेराच्या ओळीतील सतराव्या खणात. ज्याला एकही चक्र नाही त्याचा कागद एकाखाली एक या खणात, आणि ज्याच्या दहाही बोटांवर चक्र आहे त्याचा बत्तिसाखाली बत्तीस या खणात. वर 32 आणि खाली 32 असे आकडे शक्य असल्याने 32 गुणिले 32, म्हणजे एकूण 1,024 खण झाले. भिंतीशी एक मोठे फडताळ उभे करायचे आणि कागद ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा. नाव खोटे सांगितले तरी बोटे खोटे सांगत नाहीत. नुसती बोटे पाहून कारकुनाने थेट त्या खणाशी जावे.

सर्व खण सारखे भरत नसत. चक्र नसलेल्या बोटांचे प्रमाण मोठे असल्याने काही खणांत कागदांची दाटी होई. त्यासाठी रेषा मोजून पोटविभाग पाडावे लागले. या कामात हक यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांचा वाटा मोठा आहे. बोस यांनी पुढे ठशाचे वर्णन तारेने कळवता येईल अशी सांकेतिक लिपीही बसवली आणि 1916 साली तिच्यावर पुस्तक लिहिले. एक मुसलमान आणि एक हिंदू, दोघेही सामान्य घरचे फौजदार एका कार्यालयात शेजारी बसून हे काम करीत होते, याचाही आपण अभिमान बाळगला पाहिजे.

मार्च 1897 मध्ये हिंदुस्थान सरकारने या पद्धतीची परीक्षा घेण्यासाठी दोघांची समिती नेमली. भारताचे सर्व्हेअर जनरल चार्ल्स स्ट्रॅहान आणि प्रेसिडेन्सी कॉलेजचे रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर पेडलर हे ते दोघे. त्यांनी कलकत्त्याच्या कार्यालयात जाऊन सारे काम डोळ्यांदेखत तपासले आणि निर्वाळा दिला की, सोपेपणा, खर्च, वेग आणि खात्री या चारही बाबतींत ठसे मापांपेक्षा सरस आहेत. 12 जून 1897 रोजी सरकारने ठशांची पद्धत मान्य केली आणि जगातील पहिले ठसे कार्यालय कलकत्त्यात सुरू झाले. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क ही शहरे नंतर आली.

ठशांचा कस लागण्याचा प्रसंगही लवकरच आला. जलपैगुडी जिल्ह्यातील एका चहाच्या मळ्याचा व्यवस्थापक आपल्या बिछान्यावर गळा चिरलेल्या स्थितीत आढळला. पैशांची पेटी फोडलेली होती. संशय अनेकांवर गेला. मळ्यातील मजूर, घरचा स्वयंपाकी, परिसरात उतरलेली काबुली टोळी, कोणीच सुटले नाही. स्वयंपाक्याच्या कपड्यांवर रक्ताचे डागही होते. पण ते रसोईसाठी मारलेल्या कबुतराचे, असे त्याचे म्हणणे पडले. पुष्कळदा अशा वेळी गरीब नोकरालाच फासावर चढावे लागते. परंतु पेटीतील कागदांत एक बंगाली पंचांग मिळाले. त्याच्या फिक्या निळ्या कव्हरावर दोन पुसट तपकिरी डाग होते. डाग रक्ताचे ठरले, आणि त्यांतील एकात बोटाच्या रेषा दिसत होत्या.

तो कागद कलकत्त्याच्या कार्यालयात तपासला गेला. तेथील संग्रहात कांगाली चरण नावाच्या माणसाच्या उजव्या अंगठ्याशी तो ठसा जुळला. हा त्या व्यवस्थापकाचा जुना नोकर. चोरीबद्दल मालकानेच त्याला तुरुंगात धाडले होते आणि तो नुकताच सुटला होता. शेकडो मैल दूर असलेल्या बीरभूम जिल्ह्यातून त्याला पकडून आणले. 1898 साली खटला चालला. ठसा पटल्यामुळे चोरीबद्दल त्याला शिक्षा झाली. परंतु खून करताना कोणी पाहिले नाही, म्हणून केवळ ठशावरून त्याला खुनी ठरवणे न्यायाधीशांना सुरक्षित वाटले नाही. अपिलातही तोच निकाल कायम राहिला. माणूस तेथे होता एवढे ठसा सांगतो. त्याने काय केले हे दुसऱ्या पुराव्यानेच सिद्ध व्हावे लागते. हा विवेक त्या पहिल्या खटल्यापासूनच दिसतो आणि आजही तो विसरून चालणार नाही. पुढच्याच वर्षी, 1899 च्या पाचव्या कायद्याने पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ठसेतज्ज्ञाचे मत न्यायालयात ग्राह्य ठरले. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही ही तरतूद राखलेली आहे.

आता या कथेतील कडू घास. एडवर्ड हेन्री यांनी 1900 साली ठशांच्या वर्गीकरणावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले आणि लंडनमध्ये समितीपुढे साक्ष दिली. 1 जुलै 1901 रोजी स्कॉटलंड यार्डात ठसे कार्यालय उघडले. 1903 साली हेन्री लंडनचे पोलीस कमिशनर झाले. पुढे त्यांना सर हा किताब मिळाला. 1905 साली तेथे पैशांच्या पेटीवरील अंगठ्याच्या ठशावरून दोन भावांना खुनाबद्दल फाशी झाली आणि ठशांचा बोलबाला जगभर झाला. पद्धतीला नाव पडले हेन्री पद्धत. रेल्वेच्या प्रवासात साहेबांना एकाएकी ही युक्ती सुचली आणि त्यांनी ती शर्टाच्या बाहीवर टिपून घेतली, अशी एक रसभरित कथाही पसरली. कलकत्त्याच्या कार्यालयात महिनोन्महिने आकडे जुळवीत बसलेल्या त्या दोन फौजदारांचा या कथेत मागमूस नव्हता.

न्यायाने बोलायचे तर हेन्री यांचे कर्तृत्व काही थोडे नव्हते. त्यांनी गुणी माणसे निवडली, सरकारचे मन वळवले आणि ही पद्धत सातासमुद्रापार नेली. घरातील कर्त्या पुरुषाने पंगत वाढली म्हणजे स्वयंपाकही त्यानेच केला, असे मात्र होत नाही.

हक यांनी त्याबद्दल गाजावाजा केला नाही. 1912 साली बिहार-ओरिसा प्रांत वेगळा झाला, तेव्हा त्यांनी बिहारच्या पोलीस खात्यात जाणे पसंत केले. नोकरीची वर्षे सरत आल्यावर मात्र त्यांनी आपल्या कामाची दखल घेतली जावी, असा अर्ज सरकारकडे केला. वरिष्ठांचा दुजोरा मिळेल की नाही, हा प्रश्न होताच. तेव्हा विलायतेत निवृत्त झालेल्या वृद्ध हेन्रींना विचारणा झाली. 1926 साली त्यांनी कळवले की, आपल्या हाताखालील इतर कोणाहीपेक्षा हक यांनीच ही पद्धत पूर्णत्वास नेण्यास अधिक साह्य केले. उशिरा का होईना, पण त्यांनी खरे सांगितले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. हक यांना सरकारकडून पाच हजार रुपयांचे बक्षीस मिळाले. बोस यांनाही तितकेच मिळाले. हक खान बहादूर झाले, बोस राय बहादूर.

निवृत्तीनंतर हक मोतीहारी येथे स्थायिक झाले. महात्माजींच्या 1917 च्या चंपारण सत्याग्रहामुळे हे गाव आपल्याला ठाऊक आहे. तेथेच 1935 साली त्यांचे देहावसान झाले व तेथेच त्यांचे दफन झाले. देशाच्या फाळणीनंतर त्यांचे कुटुंब निरनिराळ्या देशांत पांगले. हेमचंद्र बोस 1949 पर्यंत हयात होते.

दोघांच्या पश्चात मात्र हळूहळू चक्र फिरले. संशोधकांनी जुनी सरकारी दप्तरे उघडली. 2005 साली दिल्लीच्या दोन भारतीय अभ्यासकांनी करंट सायन्स या नियतकालिकात या विस्मृत आद्य शास्त्रज्ञांवर लेख लिहिला. ज्या इंग्लंडात पद्धतीला हेन्रींचे नाव पडले, तेथील ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने हक आणि बोस यांच्या नावाने संशोधनाचे पारितोषिक ठेवले.

या शास्त्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर चरित्र अपुरे राहील. हेन्री यांनी ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतही नेली. 1906 साली ट्रान्सवालच्या सरकारने तेथील सर्व हिंदी लोकांचे बोटांचे ठसे घेण्याचे ठरवले. गांधीजींनी हेन्रींचे पुस्तक वाचले आणि कायद्याने ठसे घ्यायचे ते गुन्हेगारांचे, हे त्यांना त्यात दिसले. निरपराध प्रजेला गुन्हेगारांच्या रांगेत बसवणाऱ्या त्या कायद्याविरुद्ध जो लढा उभा राहिला, त्यातूनच सत्याग्रहाचा जन्म झाला. इकडे आपल्या देशात इंग्रज सरकारने पारध्यांसारख्या कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवून त्यांच्या बोटांचे ठसे घेतले. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण त्याचा डाग अजून पुरता पुसलेला नाही. हक यांचे गणित निर्मळ होते. ते कोणाच्या हाती आणि कोणत्या हेतूने जाते, यावर त्याचे बरेवाईट ठरले.

आज ठशांचे फडताळ जाऊन संगणक आला आहे. पोलिसांची देशभराच्या ठशांची संगणकीय व्यवस्था 2022 साली सुरू झाली. पूर्वी दिवस लागत ते काम आता क्षणांत होते. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील तेंभली गावी पहिले आधार क्रमांक देण्यात आले, आणि देशातील पहिला क्रमांक मिळाला तो त्याच गावातील एका बाईला. तेव्हापासून अंगठा हा आपल्या रोजच्या व्यवहाराचा भाग झाला आहे. शहाणी-सुरती, शिकलेली-न शिकलेली, सगळ्यांनाच आता अंगठा लावावा लागतो. अंगठेबहाद्दर हा शब्द आता कोणी कोणाला म्हणावा?

परंतु रेशनच्या रांगेतील त्या आजींना मी विसरू शकत नाही. ज्या बोटांनी जन्मभर कापूस वेचला, राखेने भांडी घासली, सारवण केले, त्या बोटांच्या रेषा कष्टाने झिजतात. म्हणजे जिने सर्वांत अधिक राबावे, तिचीच ओळख यंत्राला पटू नये! आधारच्या व्यवस्थेत डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवण्याची सोय आहे. आपल्या गल्लीतील वृद्ध बायकांना अशा सोयींची माहिती देणे आणि गरज पडल्यास त्यांच्याबरोबर जाणे, एवढे तरी आपल्या मंडळाला सहज करता येईल. यंत्राने नाही म्हटले की बाई गप्प माघारी फिरते, ते होऊ देऊ नये.

आणि एक गोष्ट. आपल्या मंडळाचे पहिले हजेरीपुस्तक अजून कपाटात जपून ठेवलेले आहे. त्यात कित्येक नावांपुढे जांभळ्या शाईचे अंगठे आहेत. त्या अंगठ्यांच्या मालकिणींपैकी काही जणी पुढे आपल्याच वर्गात सही करायला शिकल्या. पुढच्या पानांवर त्यांच्या थरथरत्या सह्या दिसतात. काहींचे मात्र नावही कारकुनी हातांनी नीट लिहिलेले नाही, नुसते अमक्याची आई किंवा तमक्याची सासू असे आहे. ठसा आहे, पण नाव नाही. अझिझुल हक यांच्या कामाचेही कित्येक वर्षे असेच झाले होते.

म्हणून यंदा कार्यकारिणीपुढे मी एक विनंती ठेवली आणि ती मान्य झाली. या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर केवळ पदाधिकाऱ्यांची नावे न देता, वर्षभर पापड लाटणाऱ्या, सतरंज्या घालणाऱ्या, हॉल झाडणाऱ्या, वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या सर्व भगिनींची नावे छापली आहेत, आणि ती त्यांच्या स्वतःच्या नावाने. जुन्या हजेरीपुस्तकातील ज्या अंगठ्यांची नावे सापडायची आहेत, त्यांची ओळख कोणाला पटत असेल तर कृपया मंडळात येऊन सांगावी. कागद कपाटात आहे, शाई अजून पुसलेली नाही.